शेवटचं यायचं नाही

एका जंगलात त्रेचाळीस चितळं राहत होती. बाळांनो, चितळ म्हणजे पाठीवर पांढरे ठिपके असलेलं हरीण. आणि जंगल म्हणजे जिथे शाळा नसते, ऑफिस नसतं, तरीही सगळे घाईत असतात अशी जागा.

त्या जंगलात एक वाघही होता. त्याला सगळे वाघसाहेब म्हणत.

या वाघसाहेबांचं पोट कायम खपाटीला गेलेलं असे. कारण चितळांची एक जुनी पद्धत होती. कळप चरायला लागला की एक जण जवळच्या टेकाडावर जाऊन उभं राही. ते चरत नसे. नुसतं मान वर करून चारी बाजूंना बघत राही. घटकाभरानं दुसरं येई आणि पहिलं चरायला जाई. शिवाय तळ्याकाठच्या अर्जुनाच्या झाडावर तात्या नावाचे एक वयस्क वानर आपल्या बायकामुलांसह राहत. गवतात काही पिवळं हललं की तात्या वरून खॉक् खॉक् ओरडत. टेकाडावरचं चितळ खूर आपटी. कळप पसार होई. वाघसाहेब उठून अंग झटकत आणि उपाशी परत जात.

हे पहाऱ्याचं काम अतिशय कंटाळवाणं होतं. वाघ आला नाही तर काहीच घडत नसे. वाघ आला, ओरडा झाला, सगळे पळाले, तरीही काहीच घडत नसे. काहीच न घडू देण्यात त्या कळपाची कित्येक वर्षं गेली होती. याची कुणी कुठे नोंद ठेवली नाही, की कुणाचा सत्कार केला नाही.

पहाऱ्यात सगळ्यांत तरबेज होती गोदाक्का. वयानं थकलेली, पण नजर अजून पक्की. तिची भाची चपला. चपलेची आई ओढ्याला आलेल्या लोंढ्यात वाहून गेली, तेव्हापासून गोदाक्कानंच तिला वाढवलं. नाव चपला असलं तरी ही मुलगी काही फार चपळ नव्हती. कळप पळाला की ती मधोमध असे. ना पुढे, ना मागे. कळपात तिला नावानं ओळखणारी मावशीशिवाय दोन-तीनच जण होती. बाकीचे म्हणत, 'ती, कान फाटलेली.'

आता तुम्ही म्हणाल, वाघ उपाशी म्हणजे चितळं सुखात असतील. छे!

झालं असं होतं की जयवंत नावाच्या एका तरुण नराला एकदा लवकर जाग आली. त्यानं सगळ्यांच्या आधी जाऊन कोवळं गवत खाल्लं. दुसऱ्या दिवशी आणखी चौघं लवकर उठली. तिसऱ्या दिवशी जयवंत आणखी लवकर उठला. महिन्याभरात अख्खा कळप झुंजूमुंजू व्हायच्या आत गवतात ढकलाढकली करू लागला. कोवळं गवत होतं तेवढंच राहिलं. झोप तेवढी कमी झाली. आया पाडसांना उभं राहायला शिकवायच्या आधी पळायला शिकवू लागल्या. दुपार झाली की सगळी चितळं जिभा बाहेर काढून सावलीत पडायची आणि एकमेकांना म्हणायची, "फार दमायला होतं हल्ली."

नेमक्या अशा एका दुपारी कोल्हे सर आले.

कोल्हे सर म्हणजे आपला कोल्हाच. पण तीन वर्षं शहराच्या कडेला राहून आलेला. गळ्यात ओळखपत्र होतं. त्यावर फोटो कुणाचा आहे हे कुणी वाकून पाहिलं नाही. पाठीवर एक मोठी बॅग, आणि बॅगेत त्रेचाळीस मोबाईल.

"तुम्ही सगळे दमलेले आहात," कोल्हे सर म्हणाले.

चितळांना भरून आलं. इतक्या दिवसांत हे दुसऱ्या कुणी म्हटलंच नव्हतं.

"तुम्हाला विरंगुळा हवा. डोकं मोकळं करणारं काहीतरी हवं. मी तुमच्यासाठी एक खेळ आणलाय. खेळाचं नाव 'सुसाट'."

त्यांनी एकेकाच्या पुढ्यात एकेक मोबाईल ठेवला. खुरांनी कसं खेळायचं, असं विचाराल तर खुरांनी नाहीच. नाकाच्या ओल्या शेंड्यानं. मान खाली घालायची आणि नाक डावी-उजवीकडे फिरवायचं. चार्जिंगसाठी जंगलाच्या कडेला एक ओसाड बंगला होता, त्याच्या छपरावर सोलरचं पॅनेल होतं. कोल्हे सरांनी सगळा विचार केला होता.

खेळ असा होता. पडद्यावर एक हरीण पळतं. ते आपण. आजूबाजूला आणखी हरणं पळतात. ते बाकीचे. सगळ्यांच्या मागे वाघ. जे हरीण शेवटचं राहील त्याला वाघ खातो. उरलेली सगळी एक पायरी वर चढतात. वरच्या पायरीवर वाघ जास्त जोरात पळतो. वाटेत काटेरी जाळ्या येतात. शेजारच्या हरणाला खांद्यानं धक्का मारून जाळीत ढकललं तर जादा गुण.

म्हणजे बाळांनो, दिवसभर पळून दमलेल्या हरणांना कोल्हे सरांनी विश्रांतीसाठी पळण्याचा खेळ दिला. कुणालाही यात काही विचित्र वाटलं नाही.

"पहिलं यायलाच हवं असं नाही," कोल्हे सर समजावून सांगत होते. "फक्त शेवटचं यायचं नाही. इतकं सोपं आहे."

"आणि सगळी मिळून बरोबरीनं पळाली तर?" चपलेनं विचारलं.

"तसं होत नाही."

"समजा झालं तर?"

"मग खेळ संपायचा कसा?" कोल्हे सर हसले. सगळी चितळं हसली. चपला ओशाळली.

टेकाडावरून गोदाक्का खाली आली होती. तिनं बराच वेळ एका मोबाईलकडे पाहिलं.

"यात पहारा कोण देतं?" तिनं विचारलं.

"पहाऱ्याला गुण नाहीत, आक्का."

"मग वाघ आला हे कळतं कसं?"

"वाघ कायम आलेलाच असतो. तीच तर गंमत आहे."

 आपला मोबाईल तिथेच ठेवून गोदाक्का पुन्हा टेकाडावर गेली. कोल्हे सरांनी तो मोबाईल उचलून बॅगेत टाकला आणि तळ्याकाठच्या काळ्या कातळावर गेरूनं पहिली यादी लिहिली. सगळ्यांची नावं, नावापुढे क्रमांक. गोदाक्काच्या नावापुढे त्यांनी एक रेघ मारली.

पहिल्या आठवड्यात चपला एकविसावी आली. दुसऱ्या आठवड्यात नववी.

नववी आली त्या दिवशी ती तळ्यावर पाणी प्यायला गेली, तर एक धिप्पाड नर बाजूला सरकून म्हणाला, "या चपलाताई." जन्मात कुणी तिच्यासाठी बाजूला सरकलं नव्हतं. ती पाणी प्यायली, पण तहानेपेक्षा जास्त. उगाचच. तिथे उभं राहायला मिळावं म्हणून.

त्यानंतर तिची मान खाली गेली ती वर आलीच नाही. खेळता खेळता तिला कळलं की तिचा धक्का फार चांगला आहे. जाळी जवळ आली की शेजारच्या हरणाच्या खांद्याला अगदी नेमक्या क्षणी ढकलायचं. विचार करायचा नाही. विचार केला की क्षण गेला. चाळिसाव्या पायरीपर्यंत तिला बघावंही लागत नव्हतं. अंग आपोआप वळायचं.

"चपले, तुझी पाळी आहे," गोदाक्का येऊन सांगायची.

"आलेच, मावशी. एवढी पायरी होऊ दे."

"सकाळीही तू हेच म्हणालीस."

"मध्येच सोडता येत नाही गं. सोडलं की वाघ खातो."

"कुठला वाघ?" गोदाक्का विचारायची.

चपलेला उत्तर द्यायला सवड नसायची. मग गोदाक्काच तिच्या पाळीला उभी राहायची. हळूहळू ती सगळ्यांच्याच पाळीला उभी राहू लागली. टेकाडावर चरायला काही नव्हतं. ती वाळत चालली. कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण लक्षात यायला मान वर करावी लागते.

मग कातळावरची यादी खेळापुरती राहिली नाही. पहिल्या दहांनी तळ्याचं स्वच्छ पाणी प्यायचं, तिसांच्या पुढच्यांनी गढूळ, असं ठरलं. कुणी ठरवलं? कुणीच नाही. आपोआप ठरलं. एका देखण्या नराला एका मादीनं नकार दिला, कारण तो आठव्या पायरीवरच अडकला होता. पाडसांच्या आया एकमेकींना भेटल्या की पाडसाची तब्येत विचारण्याऐवजी पायरी विचारू लागल्या.

अडचण एकच होती. तात्यांचं ओरडणं.

तात्या वरून ओरडले की चितळं दचकत. दचकली की नाक घसरे. नाक घसरलं की पडद्यावरचं हरीण मरे. शेवटी जयवंत पाच-सहा जणांना घेऊन अर्जुनाच्या झाडाखाली गेला.

"तात्या, तुमच्यामुळे आमचं नुकसान होतंय."

"माझ्यामुळे?" तात्या खाली वाकून म्हणाले. "अरे, परवा तो पार बांबूच्या बेटापर्यंत आला होता. मी ओरडलो नसतो तर?"

"ओरडू नका असं कुणी म्हणत नाही. पण फेऱ्यांच्या मधल्या वेळेत ओरडा. किंवा हळू आवाजात."

"हळू आवाजात?"

"सभ्यपणे," जयवंत म्हणाला.

 "मी ओरडायचं सोडेन," तात्या म्हणाले. "तो यायचं सोडणार नाही."

"तो वेगळा विषय आहे," जयवंत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तात्या आपल्या बायकामुलांना घेऊन ओढ्यापलीकडच्या उंबरावर राहायला गेले. कळपानं एकमतानं समाधान व्यक्त केलं. वातावरण खेळायला पोषक झालं.

त्याच दुपारी कोल्हे सर नाल्यातल्या वाघसाहेबांच्या गुहेपाशी गेले.

"काय करतायत?" वाघसाहेबांनी विचारलं.

"मान खाली घालून उभी आहेत."

"चरतायत म्हणजे."

"चरणारं हरीण मधून मधून मान वर करतं, साहेब."

वाघसाहेब हे ऐकून उठून बसले. "यात तुझं काय?" त्यांनी विचारलं.

"उरलंसुरलं," कोल्हे सर नम्रपणे म्हणाले.

पहिला गेला तो भिकोबा. भिकोबाचा मागचा पाय लहानपणापासून अधू होता. यादीत तो अगदी तळाला होता, म्हणून तळ्याच्या गढूळ टोकाला एकटाच पाणी पीत होता. गोदाक्का टेकाडावरून ओरडली. पण दोन जणांनी माना वर करून पाहिलं आणि 'इकडे नाहीये' म्हणून पुन्हा खाली घातल्या.

संध्याकाळी शोकसभा झाली. कोल्हे सर गळा दाटून बोलले. "भिकोबांनी वेळेआधी मैदान सोडलं. सराव कमी पडला. त्यातून आपण शिकायला हवं."

"त्याचा पाय अधू होता," गोदाक्का मागून म्हणाली. "तो कायम कळपाच्या मधोमध असायचा. आपण भोवतीनं चरायचो. त्याचा सराव कमी पडला नाही. आपण बाजूला झालो."

 मग यादीत भिकोबाच्या वर असलेली एक मादी एकदम रडायला लागली. लोकांना वाटलं, भिकोबासाठी. ती म्हणाली, "आता शेवटची मी!"

त्या रडण्यानं कळपाला खडबडून जाग आली. सगळे सरावाला लागले.

सहा महिन्यांत कळपात छत्तीस उरले, आणि कोल्हे सरांनी महास्पर्धा जाहीर केली. जिंकणाऱ्याला 'वनवेग' ही पदवी आणि तळ्यावर सगळ्यांत आधी पाणी पिण्याचा मान. स्पर्धा टेकाडाखालच्या माळावर, दुपार कलल्यावर. सगळी चितळं गोलाकार उभी राहिली, माना खाली, नाकं पडद्यावर.

"प्रमुख पाहुणे यायचे आहेत," कोल्हे सर म्हणाले. "पण त्यांच्यासाठी थांबू नका. ते आले की कळेलच."

एकेक हरीण बाद होत गेलं. शेवटच्या फेरीत दोघंच उरली. जयवंत आणि चपला. आता एक जिंकणार आणि एक खाल्लं जाणार. बाद झालेली सगळी आपापल्या पडद्यावर या दोघांची शर्यत बघू लागली. चपलेचं हरीण मानेएवढं पुढे होतं.

तेवढ्यात टेकाडावरून गोदाक्काची तीक्ष्ण आरोळी आली. मग खूर आपटल्याचा आवाज.

चपलेनं ती ऐकली. खोटं कशाला सांगू, तिनं ती अगदी स्पष्ट ऐकली. तो आवाज तिनं जन्मल्यापासून ऐकला होता. पण पडद्यावर फक्त एक वळण उरलं होतं. एवढं वळण झालं की बघते, असं तिनं मनाशी म्हटलं.

दुसरी आरोळी आली. जवळून. कुणीतरी वैतागून म्हणालं, "श्श!"

मग अगदी जवळून तिसरी. "चपले!"

चपलेनं मान वर केली.

पडद्यावरचा वाघ बोटभर होता. हा बोटभर नव्हता. तो वीस पावलांवर होता आणि सरळ तिच्याकडेच येत होता, कारण गोलाच्या त्या कडेला तीच उभी होती.

ती पळाली. पाय पडतील तशी पळाली. उजव्या बाजूला अंगाला अंग घासून कुणीतरी पळत होतं. कोण ते तिनं बघितलं नाही. बघायची सवय राहिली नव्हती. समोर करवंदीची दाट जाळी आली आणि चपलेच्या खांद्यानं आपोआप, नेमक्या क्षणी, उजवीकडे धक्का दिला.

मागे काटक्या मोडल्याचा आवाज झाला. मग हाक आली. "चप..." एवढीच.

ती ओढ्यापर्यंत पळत गेली आणि तिथे थांबली. मागे वाघ नव्हता. वाघाला आता पळायची गरज नव्हती.

हळूहळू बाकीची चितळं धापा टाकत गोळा झाली. त्यातल्या एकीनं सगळं पाहिलं होतं. ती म्हणाली, "गोदाक्का टेकाडावरच थांबली असती तर वाचली असती. ती खाली का आली? तुझ्या आणि वाघाच्या मध्ये कशाला घुसली?"

 चपलेनं आपल्या उजव्या खांद्याकडे पाहिलं.

थोड्या वेळानं कोल्हे सर आले. तोंड पुसत आले. त्यांनी आल्या आल्या चपलेचं अभिनंदन केलं.

"काय तो धक्का! मी खेळात हजारदा पाहिलाय, पण प्रत्यक्ष मैदानावर असा नेमका कुणी मारला नाही. माझ्या मते वनवेग तूच."

"ती माझी मावशी होती," चपला म्हणाली.

"म्हणजे इतकं जवळचं नातं आड येत असूनही!" कोल्हे सरांनी कळपाकडे वळून सांगितलं. "बघा. याला म्हणतात एकाग्रता."

आणि बाळांनो, कळपानं खूर वाजवले. सगळ्यांनी नाही. पण बऱ्याच जणांनी.

फक्त जयवंतानं हरकत घेतली. चपलेनं शेवटच्या वळणाआधी मान वर केली होती, तेव्हा नियमानं विजेता तोच. पडदा तपासला. त्याचं म्हणणं खरं निघालं. वाघ अंगावर आलेला असतानाही जयवंतानं वळण पूर्ण केलं होतं. वनवेग पदवी त्याला मिळाली.

चपला त्या संध्याकाळी करवंदीच्या जाळीपाशी गेली. तिथे बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. कोल्हे सर उरलंसुरलं टाकून देणाऱ्यांतले नव्हते.  मग तिनं माळावर पडलेला आपला मोबाईल खुरानं लोटत आणून जाळीत ढकलला आणि ती टेकाडावर जाऊन उभी राहिली.

आठ दिवस ती तिथे होती. तिनं दोनदा वाघ पाहिला आणि दोनदा ओरडली. पहिल्यांदा सहा जणांनी माना वर केल्या. दुसऱ्यांदा पाच जणांनी. त्या दोन्ही वेळी एकेक चितळ गेलं.

नवव्या दिवशी ती ओढा ओलांडून तात्यांकडे गेली.

"तात्या, परत चला," ती म्हणाली. "वरून तुम्ही बघा, खालून मी बघते."

तात्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी धक्क्याचा विषय काढला नाही. एवढंच विचारलं, "आपण ओरडल्यावर मान कोण वर करतं?"

"पाच जण."

"मग त्या पाचांना इकडे घेऊन ये."

चपला परत गेली. कळपासमोर उभी राहून तिनं सांगितलं, "मी ओढ्यापलीकडे राहायला चाललेय. तिथलं गवत जाड आहे. तिथे यादी नाही. पहारा सगळ्यांना पाळीपाळीनं करावा लागेल. आणि माझ्या शेजारी पळायला भीती वाटली तर मी समजू शकते."

"तिकडे प्रगतीला काय वाव आहे?" एकानं विचारलं.

"काहीच नाही," चपला म्हणाली.

पाच जण तिच्याबरोबर गेले. सगळे यादीच्या तळाचे. कोल्हे सरांनी त्यांना अडवलं नाही. उलट त्यांनी कातळ पुसून नवी यादी लिहिली, तेव्हा कळपात आनंद पसरला. कारण चपलेची वरची जागा रिकामी झाल्यानं पुष्कळ जणांचा क्रमांक सुधारला होता.

यापुढे तर प्रगती फारच झपाट्यानं झाली. दर चार-पाच दिवसांनी एक चितळ कमी होई आणि उरलेल्या कुणाचा ना कुणाचा क्रमांक वर सरके. बाविसावा होता तो पंधरावा झाला. पंधरावा होता तो आठवा झाला. जंगलात इतकी गुणवत्ता पूर्वी कधीच नव्हती, असं कोल्हे सर सभांतून सांगत. तळ्याचं स्वच्छ पाणी आता सगळ्यांनाच मिळू लागलं. कोवळं गवत तर खाऊन संपेना. खायला वेळ मात्र कुणाला नव्हता, कारण आता कळपात सगळे तयारीचे खेळाडू उरले होते आणि चुरस वाढली होती.

मग एक दिवस कातळावर एकच नाव उरलं. जयवंत. त्यापुढे क्रमांक एक.

"सर," जयवंतानं विचारलं, "आता खेळायचं कुणाशी?"

"स्वतःशी," कोल्हे सर म्हणाले. "स्वतःचाच विक्रम मोडायचा. खरी स्पर्धा ती."

जयवंताला ते पटलं. माळाच्या मधोमध उभं राहून, मान खाली घालून, तो स्वतःशी खेळू लागला.

वाघसाहेब आले ते लपतछपत आलेच नाहीत. भर उन्हात, रस्त्यानं चालत आले. आता त्यांचं पोट चांगलं सुटलं होतं आणि गवतातून सरपटणं त्यांना जमत नव्हतं. जयवंतापाशी येऊन ते खाकरले.

"एक मिनिट," जयवंत वर न बघता म्हणाला.

वाघसाहेब थांबले. खेळाबद्दल त्यांना एवढा आदर निर्माण झाला होता.

जयवंतानं तेवढ्या वेळात एकशे बारावी पायरी पूर्ण केली. तो त्या जंगलातला विक्रम आहे आणि तो अजून कुणी मोडलेला नाही.

त्यानंतर कोल्हे सर त्रेचाळीसपैकी सापडले तेवढे मोबाईल बॅगेत भरून डोंगरापलीकडच्या नीलगायींकडे गेले. त्या फार दमलेल्या असतात, असं त्यांच्या कानावर आलं होतं. व्याख्यानाच्या सुरुवातीला ते जयवंताचा फोटो दाखवतात. नीलगायी भारावून जातात.

ओढ्यापलीकडे चपलेचा छोटा कळप आहे. वाघसाहेब तिथे दोन-तीनदा जाऊन उपाशी परत आले. चपला कुठल्याही चितळाच्या अगदी शेजारून पळत नाही, दोन हात अंतर ठेवते. गेल्या वर्षी एका पाडसानं तिला विचारलं, "चपलाआजी, तू कितवी होतीस?"  "जा, टेकडीवर तुझी पाळी आहे," ती म्हणाली. पाडस कंटाळत, पाय ओढत गेलं आणि तिथे उभं राहिलं. त्या दिवशी काहीच घडलं नाही.

तात्पर्य : बाळांनो, नेहमी मान खाली घालून मेहनत करावी. मान वर केली की वाघ दिसतो, आणि वाघ दिसला की लक्ष विचलित होऊन हातातलं वळण चुकतं. चपलेचा आदर्श कुणीही डोळ्यांपुढे ठेवू नये. ती नुसती जिवंत राहिली. जयवंत पहिला आला.